कापड धुतलंत का?

पलंगावर कोणीतरी झोपलेलं होतं. खऱ्या पलंगावर नव्हे, तिच्या हातातल्या टॅबलेटमधल्या. गोधडीच्या ॲपमध्ये ‘खोलीत पाहा’ असं एक बटण होतं. ते दाबून कॅमेरा पलंगाकडे धरला की अजून न शिवलेली गोधडी पलंगावर पसरून दिसायची. तिने हौसेने दाबलं. काचेवर एक चक्र थोडा वेळ फिरलं आणि गोधडी उलगडली. मधे निळे चौकोन, भोवती राखाडी, कोपऱ्यांत पांढऱ्या रेघांचे. झकास! आणि खिडकीकडच्या बाजूला, जिथे तिचा नवरा झोपायचा, तिथे गोधडी वर आली होती. खांदा, मग उतार, मग दुमडलेल्या गुडघ्याएवढा उंचवटा. मान वर करून खऱ्या पलंगाकडे बघायचा धीर होईना. बघितलं तेव्हा स्वतःचाच राग आला. अगं बाई, शर्ट आहेत ते! तिनेच सकाळी त्याचे सगळे शर्ट कपाटातून काढून तिथे ढीग घातला होता. ॲपला काय कळतंय? त्याला उंचवटा दिसला, त्याने त्यावर पांघरूण घातलं. आत माणूस आहे की कपडे, ही चौकशी त्याने कशाला करावी? तिने टॅबलेट पालथा ठेवला, स्वयंपाकघरात जाऊन उभ्या उभ्या पाणी प्यायली आणि परत आली. येताना आपण पाय न वाजवता चालतोय हे तिच्या लक्षात आलं, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. तो लिफ्टचा मेकॅनिक. जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींतल्या लिफ्ट वर-खाली केल्या, आणि एका दुपारी बंद पडलेल्या लिफ्टशेजारी जिन्यावर जरा टेकला तो टेकलाच. घरात ती आणि सासूबाई उरल्या. दोघी एकमेकींना जपायच्या. जपायच्या म्हणजे काय, तर एकीने दुसरीसमोर त्याचं नाव काढायचं नाही. सासूबाईंची नजर तो जाण्याआधीच गेली होती. उजेड आणि अंधार कळायचा, गडद आणि फिकं कळायचं, बाकीचं सगळं हाताने आणि अंदाजाने. एका संध्याकाळी पाय पोटाशी घेत त्या म्हणाल्या होत्या, “त्याचं काहीतरी अंगावर घ्यायला असतं ना, तर झोप लागली असती गं.” एवढंच. पुन्हा विषय नाही. पण ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. ती काम करायची दातांच्या लॅबमध्ये, दातावर बसवायच्या कॅपचा रंग जुळवायचं. पांढराशुभ्र दात कोणीही करेल. कसब असतं ते शेजारच्या खऱ्या दातासारखा नकली दात करण्यात. चहाने पिवळा पडलेला, टोकाला जरा निळसर, मुळाशी तपकिरी. तिने केलेला दात तोंडात बसला की डॉक्टरांनाही शोधावा लागे. शेजारच्या टेबलावर पॉलिश करणारी बाई होती. सगळी लॅब तिला पॉलिशवालीच म्हणायची. पॉलिशवालीने आपल्या वडिलांच्या शर्टांची गोधडी केली होती आणि ती ज्याला त्याला फोनवर दाखवत सुटली होती. “डोकं लावायलाच नको गं,” ती म्हणाली. “तू नुसते फोटो काढ. कापड किती, चौकोन किती, वाया किती जाणार, सगळं ॲप सांगतं. मला तर शिवणाची सुई धरता येत नव्हती, विचार माझ्या नवऱ्याला.” नवऱ्याला, असं म्हणून पॉलिशवालीने जीभ चावली. तिने मात्र हसून म्हटलं, “दाखव बरं ॲप.”

त्या दिवसापासून तिच्या संध्याकाळींना काहीतरी काम लागलं. ॲपमध्ये एक जागा होती, तिचं नाव ‘माझं कपाट’. शर्टाचा फोटो काढला की ॲप बाह्या, कॉलर, गुंड्या सगळं बाजूला सारून नुसतं कापड उचलायचं आणि त्या कपाटात चौकोन करून ठेवायचं. असा एकेक शर्ट ती आत नेत गेली. मग ते चौकोन बोटाने इकडून तिकडे सरकवायचे. निळा इथे, नाही, निळा तिथे. ॲपमध्ये एक काळं-पांढरं बटणही होतं. ते दाबलं की सगळे रंग जायचे आणि फक्त गडद-फिकं उरायचं. ते सापडलं तेव्हा तिला रडूच आलं. असंच दिसत असणार सासूबाईंना! मग तिने सगळी गोधडी त्या बटणावर मांडली. गडदाशेजारी फिकं, फिक्याशेजारी गडद, म्हणजे सासूबाईंनी ती उजेडात धरली की त्यांना नक्षी कळावी. त्या तिथेच शेजारी रेडिओ ऐकत बसलेल्या असायच्या. “काय करतेस गं एवढं काचेवर? बोट झिजेल.” “लॅबचं काम आहे, आई.” खोटं बोलताना तिला मजा वाटायची. किती महिन्यांनी घरात काहीतरी लपवण्यासारखं होतं, आणि तेही चांगलं. कापायचं मात्र पुढे पुढे जात राहिलं. ॲप मधूनच टुणकन वाजायचं, ‘तुमची गोधडी वाट पाहतेय!’, आणि पॉलिशवाली विचारायची, “काय, लावलीस का कात्री?” कात्री लावायची म्हटली की तिला तो डोळ्यांपुढे दिसायचा, आरशासमोर उभा, एका हाताने कॉलर बसवणारा, आणि मग ती उठून अजून एकदा चौकोन बदलायला बसायची. काचेवर कितीही कापलं तरी कपाटात शर्ट शाबूत असायचे. हीच तर त्या ॲपची गोडी होती.

मग नणंद येऊन सासूबाईंना चार दिवस आपल्या घरी घेऊन गेली, तिकडच्या डॉक्टरांना डोळे दाखवायला. घर तिच्या एकटीच्या ताब्यात आलं. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून तिने रविवारी सकाळी शर्टांचा ढीग पलंगावर काढला आणि तेव्हाच ते झोपलेलं माणूस दिसलं. घाबरली, सावरली, आणि बळेच ‘कापायला सुरुवात’ दाबलं. ॲपने लगेच कापू दिलं नाही. आधी प्रश्न आला: ‘कापड धुतलंत का?’ खाली लिहिलं होतं की न धुतलेलं कापड शिवल्यावर आटतं, रंग सोडतं, सगळी मेहनत वाया जाते. तेव्हा कापण्याआधी सगळं धुवा, वाळवा, इस्त्री करा. शेजारी बरोबरची खूण करायला एक रिकामी चौकट. पॉलिशवालीनेही बजावलं होतंच, “धुतल्याशिवाय कापलंस तर बघ हं, पहिल्या धुण्यात गोधडी आखडते.” शर्ट धुतलेले नव्हते. त्याची ती जुनी खोड. एकदा घातलेला शर्ट परत कपाटात टांगायचा. “एक दिवस घातला तर लगेच मळतो का?” त्याच्या कपाटाचं दार उघडलं की ग्रीस, लोखंड, हात धुवायच्या त्या नारिंगी पेस्टचा वास आणि त्याखाली त्याचा स्वतःचा असा भपकारा यायचा. लग्न झाल्या दिवसापासून ती त्या वासाशी भांडत आली होती. किती साबण बदलले, किती गरम पाणी केलं, कॉलर घासून घासून किती बोटं सोलली! आणि तो कोरडेपणाने म्हणायचा, “वास गेला तर पगार पण जाईल.” तेव्हा त्या रविवारी तिने बाह्या वर केल्या, बादली घेतली, आणि हात आपोआप कॉलरकडे गेले. खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. तो गेल्यापासून पहिल्यांदाच आपण कुणाची तरी बायको आहोत असं वाटत होतं. ती पुटपुटतही होती, बघा, काय अवतार केलाय शर्टाचा. बादलीतलं पाणी राखाडी झालं. ते मोरीत ओतताना तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. दुपारपर्यंत सगळ्या बाल्कनीत शर्ट वाळत होते, हात पसरून, आणि वारा त्यांच्यात शिरत होता. संध्याकाळी तिने कडक इस्त्री केली, चौकटीत बरोबरची खूण केली, आणि ॲपने रंगीत कागदाचे तुकडे उधळून तिचं अभिनंदन केलं. मग तिने कात्री हातात घेतली आणि ठेवून दिली. पुढच्या रविवारी बघू, असं म्हणून तिने शर्ट परत कपाटात टांगले.

सासूबाई परत आल्या. दोन-तीन दिवस ठीक गेले. मग एका दुपारी लॅबची वीज गेली, भट्टी थंड पडली आणि साहेबांनी सगळ्यांना घरी सोडलं. तिने किल्लीने दार उघडलं. बैठकीत सासूबाई नव्हत्या, त्यांच्या खोलीतही नव्हत्या. त्या तिच्या खोलीत होत्या. कपाटाचं दार उघडं होतं, आणि त्या आत, शर्टांच्या मधे, तोंड घालून उभ्या होत्या. एक बाही हाताने चाचपून नाकाशी न्यायची, थांबायचं, सोडायची. दुसरी घ्यायची. कुठेही घाई नाही. चेहऱ्यावर नुसतं कोडं पडल्यासारखं. म्हणजे रोज दुपारी ह्या इथे उभ्या राहत होत्या. ती लॅबमध्ये दात रंगवत असताना, वर्षभर, रोज. अंगावर घ्यायला हवं होतं ते हे, त्याचा वास. आणि तेव्हाच, त्या दारात उभं असताना, तिला आणखी एक गोष्ट कळली. शर्ट धुवायची गरजच नव्हती. तो नियम दुकानातून आणलेल्या कोऱ्या कापडाचा. हे शर्ट वर्षानुवर्षं तिनेच धुतलेले, आटायचं तेवढं केव्हाच आटलेले, रंग सुटायचा तेवढा केव्हाच सुटलेला. एवढी साधी गोष्ट! दाताचा रंग डोळे मिटून सांगणाऱ्या बाईला चौकट रिकामी दिसली आणि ती भरायला धावली. स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली तिला.

“आलीस? आज लवकर?” सासूबाई मुळीच दचकल्या नाहीत. कपाटाचं दार लावलं, कडी हाताने शोधून बसवली. चहा झाला. मग कपाच्या कानावरून बोट फिरवत म्हणाल्या, “एक विचारू का गं?”

“विचारा ना, आई.”

“कपाटात कपडे कुणाचे आहेत?”

तिने तोंड उघडलं. त्याचेच आहेत, आई, एवढंच तर म्हणायचं होतं. पण पुढचा प्रश्न तिला आधीच ऐकू येत होता. त्याचेच आहेत, मग त्यांतला तो कुठे गेला? सासूबाईंनी वाट पाहिली. मग हात पुढे करून तिचा गुडघा शोधला आणि थोपटला.

“घाबरू नकोस. मी काही बोलणार नाही. तू अजून लहान आहेस, एकटीने किती दिवस काढायचे? चांगला माणूस दिसतोय. कपडे किती स्वच्छ! आणि इस्त्री बघ, काय कडक. आपल्याकडे नव्हती बाई ही सवय.” त्या हसल्या. हसताना ओठ जरा वाकडे झाले. “त्याचे तू काढून टाकलेस ते बरं केलंस. कुणाच्या तरी अंगाला लागतील.”

नाही म्हटलं नाही म्हणजे हो म्हटल्यासारखंच झालं, हे तिला कळत होतं. कळत असून ती बसून राहिली, आणि चहावर साय धरली.

उद्या सांगू, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, “त्यांना चहात साखर किती लागते?” मग ते अवघडच होऊन बसलं. सासूबाई आता खोलीत यायच्या आधी खोकायच्या. बैठकीतल्या ज्या खुर्चीत तो बसायचा तिथे त्या एरवी बसायच्या, ती त्यांनी सोडली. “असू दे, त्यांना लागेल.” फोनवर नणंदेशी बोलताना त्यांचा आवाज एकदम हलका व्हायचा, आणि ती जवळ गेली की “हां, ठेवते” म्हणायच्या. घरात एक माणूस वावरायला लागला होता. तो कधी दिसत नव्हता, कधी बोलत नव्हता, पण दोघी त्याला वाट देऊन चालत होत्या. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा ओट्यावर एक कप जास्तीचा उपडा घातलेला असायचा. एकदा ती दार उघडून आत आली आणि बुटांचे बंद सोडता सोडता थांबली. बैठकीतून सासूबाईंचा आवाज येत होता. “लहानपणी तर काही विचारू नका. घड्याळ उघडून बसायचा. परत लावता यायचं नाही, मग माझ्याकडे यायचा, आई, तू लाव. मला काय येतंय!” आणि त्या खुदकन हसल्या. ती दारात उभी राहिली. वर्षभर त्याचं नावही न काढणारी ही बाई रिकाम्या खुर्चीला त्याचं लहानपण सांगत होती. तिने मुद्दाम किल्ल्या वाजवल्या. सासूबाई जरा लाजून म्हणाल्या, “आत्ताच गेले वाटतं. फार बोलत नाहीत, नाही का?”

रात्री झोपताना तीही आता पलंगाच्या आपल्याच बाजूला अंग चोरून झोपायची. तिला त्या माणसाची भीती वाटत होती आणि राग येत होता आणि कधी कधी, हे तर ती कुणाला सांगणंच शक्य नव्हतं, त्याच्यामुळे तिला जरा कमी एकटं वाटत होतं. तो कसा असेल हे मनात यायचं. कडक इस्त्री, साबणाचा वास, पायपुसण्यावर पाय पुसून आत येणारा. तिने आयुष्यभर नवऱ्याला जसं करायचा प्रयत्न केला तसाच तो निघाला होता. वासाशिवायचा नवरा! मागितला होता आणि मिळाला होता. टॅबलेट तिने उघडायचाच सोडला. तो ड्रॉवरमधून टुणटुणायचा. एकदा उघडून पाहिलं तर ‘कापड तयार आहे. कात्री घ्या!’ असं हसऱ्या चेहऱ्याने लिहिलेलं. तिने ड्रॉवर धाडकन बंद केला आणि त्याला पाठ लावून बसून राहिली, जणू तो आतून उघडेल. लॅबमध्ये तिच्या हातून एक दात चुकला. शेजारच्या दातांपेक्षा कितीतरी पांढरा. पॉलिशवाली म्हणाली, “हे काय गं, तोंडात बल्ब लावलास?” आणि सगळे हसले. तीही हसली आणि मग स्वच्छतागृहात जाऊन रडली.

शेवटी सासूबाईंनीच मागितलं. सकाळची वेळ, ती पर्स शोधत होती. सासूबाई दाराशी आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, घरातल्या माणसाच्या कानावर जाऊ नये एवढ्या हलक्या, “त्याचा एखादा शर्ट ठेवला असशील ना गं? सगळे नसशील दिले. एक. मी माझ्या उशीखाली ठेवीन, ह्यांना दिसणार पण नाही.” तिने पर्सची चेन लावली, उघडली, परत लावली. “आहे, आई,” ती म्हणाली. “वर माळ्यावर आहे. काढून देते.” सासूबाईंचा चेहरा असा उजळला की तिला तो बघवेना. जिना उतरताना तिने ठरवून टाकलं होतं. त्याचा वास आपणच करायचा. आजवर दुसरं काय केलं आपण? लोकांच्या तोंडात नसलेलं असलेल्यासारखं करून दिलं. हे का जमू नये?

ती त्याच्या जुन्या कामाच्या जागी गेली. त्याचा जोडीदार, ज्याला सगळे मिस्त्री म्हणायचे, तिला बघून एकदम उभाच राहिला. “वहिनी! या, बसा. काही अडलंय का?” तिने सांगितलं, थोडं ग्रीस हवंय आणि ती हात धुवायची नारिंगी पेस्ट. कशाला हे त्याने विचारलं नाही. डबीत ग्रीस भरता भरता म्हणाला, “मला अजून सवय आहे बघा. वर लिफ्टच्या गाळ्यात उभा राहिलो की खाली ओरडतो, पाना दे रे.” आणि डबीचं झाकण फिरवत बसला. ती डबी, पेस्ट आणि कपाटातला त्याचा एक शर्ट तिने लॅबमध्ये आणला, आणि दाताचं काम करते तसं थर देत काम केलं. आधी पेस्ट, अगदी पुसट, मनगटाकडे जास्त. मग ग्रीस, बोटाने नाही, लोखंडाच्या पट्टीला लावून ती पट्टी कापडावर घासली, कारण त्याच्या अंगाला ग्रीस कधी एकटं लागायचं नाही, लोखंडाबरोबर लागायचं. मग खालचा थर राहिला. घामाचा. तो कुठून आणायचा? शेवटी तिने तो शर्ट स्वतःच लॅबच्या कोटाच्या आत घातला, दोन-तीन दिवस घातला, लिफ्ट सोडून लॅबचे जिने चढली. बाह्या तिला लांब व्हायच्या. कोटाच्या आत तो शर्ट पाठीला चिकटायचा तेव्हा तिला क्षणभर वाटायचं, आता मागून हात येतील. मग तिने शर्ट काढला, डोळे मिटून नाकाशी धरला आणि तिला स्वतःलाच हुंदका आला. जमलं होतं! अगदी तो होता. ती इतकी खूश झाली की घरी येईपर्यंत पिशवी छातीशी धरून चालली.

सासूबाई पलंगावर पाय घेऊन बसल्या होत्या. बाहेर अजून उजेड होता. “आई, हा घ्या,” ती म्हणाली आणि शर्ट त्यांच्या मांडीवर ठेवला. सासूबाईंनी तो दोन्ही हातांनी उचलला, आधी बोटांनी गुंड्या मोजल्या, कॉलर शोधली, आणि मग तोंड त्यात खुपसलं. खूप वेळ त्यांनी डोकं वर काढलं नाही. बघा, ओळखला, ती मनात म्हणत होती, ओळखला, ओळखला. सासूबाईंनी डोकं वर काढलं. चेहऱ्यावर जरा संकोच होता, चुकून दुसऱ्याच्या खोलीचं दार उघडल्यासारखा.

“यात तू आहेस,” त्या म्हणाल्या. “आणि तेल आहे यंत्राचं.” मग समजूतदारपणे हसून, “ह्यांचंही काम यंत्राचंच का गं?”

“कुणाचं, आई?”

“ह्यांचं. चुकून ह्यांचा दिलास बघ. असू दे, मळलाय, धुवायला टाक. मला त्याचा दे.”

ती पलंगाच्या कडेला धरून खाली जमिनीवर बसली. आता वाट उरली नव्हती. “आई,” ती म्हणाली, “कोणी नाहीये.”

“कोणी नाही म्हणजे?”

“कोणी माणूस नाही. कधीच नव्हता. कपाटातले शर्ट त्याचेच आहेत. मी धुतले.”

सासूबाईंचे हात शर्टावर थांबले. “सगळे?”

“सगळे.”

“का गं?” त्यात राग नव्हता. राग असता तर ती पायांवर डोकं ठेवून मोकळी झाली असती. ती धावत जाऊन ड्रॉवरमधून टॅबलेट घेऊन आली, खाली बसली, आणि भरभर सांगायला लागली. गोधडी करायची होती, आई, तुमच्यासाठी, तुम्ही म्हणाला होतात ना, अंगावर घ्यायला. हे बघा, मधे निळे आहेत, भोवती राखाडी, तुम्हाला गडद-फिकं कळतं ना, म्हणून मी सगळं तसंच मांडलं, कापण्याआधी धुवायचं असतं म्हणे, मला वाटलं… सासूबाईंनी काचेवर हात ठेवला. त्यांचं बोट निळ्यावरून राखाडीवर गेलं, राखाडीवरून पांढऱ्या रेघांवर, आणि काचेच्या कडेला येऊन थांबलं. “गुळगुळीत आहे,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी हात मागे घेतला आणि खोलीच्या दाराकडे, बैठकीकडे कान दिला.

“मग ते… कोणीच येत नव्हतं?”

“नाही, आई.”

“दुपारी पण?”

“नाही.”

सासूबाईंनी मांडीवरच्या शर्टाची घडी घालायला घेतली. बाह्या आत, कॉलर वर, पुन्हा उलगडला, पुन्हा घातली. “मी त्यांना त्याचं सगळं सांगितलं गं,” त्या म्हणाल्या. “बोलायचे नाहीत, पण ऐकून घ्यायचे.” घडी त्यांनी उशीशी ठेवली, आणि तिला पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांतून पाणी येताना दिसलं. “आता दुपारी मी कुणाशी बोलू?”